मदत हवी आहे : 'लेप्रेकॉन'सारखा मेकअप दमट हवेत टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

१९९३ सालचा 'लेप्रेकॉन' हा सिनेमा इथे कुणी कुणी पाहिलाय? आयरिश लोककथांमधला सोनं राखणारा बुटका चांभार दिग्दर्शक मार्क जोन्सने थेट नॉर्थ डकोटातल्या एका जुन्या फार्महाऊसवर आणून सोडलाय. बजेट अगदी बेताचं, पण वॉरविक डेव्हिसने त्या भूमिकेत जी धमाल केलीय तिला तोड नाही. 'फ्रेंड्स'च्या आधीची जेनिफर ॲनिस्टनही आहे. माझा सगळ्यात आवडता भाग बुटांचा. जिवावर उठलेला हा बेटा मळका बूट दिसला की थांबून पुसायलाच बसतो, म्हणून माणसं पळता पळता त्याच्यावर बूट भिरकावतात! लोककथेतला धंदा पटकथेत इतका झकास वापरलेला क्वचितच दिसतो.

आता मुद्द्याचं. आम्ही मित्रमंडळी याच बाजाची शॉर्टफिल्म करतोय, शूटिंग कोकणात. नाक, हनुवटी आणि कपाळ लेटेक्सचं. स्पिरिट गमने चिकटवून पाहिलं, पण घाम आला की नाकपुडीजवळची कड सुटते आणि नट हसला की गालावर फट दिसते. क्लोजअपमध्ये ते लपत नाही.

दमट हवेत काम केलेल्या कुणी सांगाल का, दुसरा कोणता गोंद वापरावा? कडा पातळ कशा करायच्या? नटाच्या त्वचेला त्रास होता कामा नये, ही पहिली अट. मुंबई-पुण्यात हे नीट शिकवणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा, प्लीज.