मदत हवी आहे: जुलैमध्ये दुचाकीने चोर्ला घाट की आंबोली?

मनाली-लेह रस्त्यावर सरचू येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, विरळ हवेमुळे माझे डोके असह्य दुखत असताना कोल्हापूरच्या एका दांपत्याने मला आपल्या तंबूत जागा दिली आणि पुढे लेहपर्यंत आम्ही सोबतच गेलो. ते काका-काकू आता जुलैमध्ये त्यांच्या बुलेटवरून कोल्हापूरहून गोव्यात डिचोलीला आमच्या घरी येणार आहेत. काका साठी ओलांडलेले असले तरी चालवण्यात पटाईत आहेत. परंतु कोकणातल्या मुसळधार पावसात त्यांनी घाट उतरलेला नाही. मागे काकू बसणार असून दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असतील. गाडीने या, असे मी सुचवून पाहिले, ते त्यांनी हसून उडवून लावले.

बेळगाव-जांबोटी-चोर्ला मार्गे केरी, साखळी करून येणे मला सोयीचे वाटते. घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्या चालकांकडे चौकशी केली असता काहींनी दाट धुक्यामुळे आजरा-आंबोली-सावंतवाडी हा रस्ता सुचवला, तर काहींच्या मते आंबोलीत धबधब्यापाशी सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दीच अधिक त्रासाची आहे. (धुके तर तिथेही असतेच.) तिसरा अनमोड घाट आम्हांला आडवळणाचा पडतो. प्रवास दिवसाउजेडीच आणि आठवड्याच्या मधल्या वारी होईल.

जुलैमध्ये या रस्त्यांनी स्वतः दुचाकी चालवलेल्यांनी कृपया सांगावे: मागे माणूस आणि सामान असताना कोणता घाट उतरणे अधिक सुरक्षित, आणि चोर्ला निवडल्यास जांबोटीनंतर पेट्रोल व पावसात थांबण्याजोगा आडोसा नेमका कुठे मिळेल?