खाजगी थेरपिस्टकडे जाण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

गोदाकाठ:
नमस्कार. गेल्या श्रावणात आई गेली. तेव्हापासून पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. बँकेत काउंटरवर बसले की समोरच्या ग्राहकाचे अर्धे वाक्य ऐकू येते आणि अर्धे निसटून जाते. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासले. सगळे ठीक निघाल्यावर थेरपी घेऊन पाहा, असे सुचवले. नाशिकमध्ये दोन नावे मिळाली आहेत. एका ठिकाणी पाटीवर ‘समुपदेशक’ आहे आणि फी ८०० रुपये; दुसरीकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आहे आणि फी १८०० रुपये. हे फक्त यजमानांना ठाऊक आहे, सासूबाईंना सांगितलेले नाही. पहिल्या भेटीपूर्वी काय विचारावे, आणि असे विचारणे उद्धटपणाचे तर दिसणार नाही ना?

खाडीपलीकडे:
ताई, मी स्वतः ठाण्यात बारा वर्षे समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते. प्रश्न विचारल्याचा राग येणारी व्यक्ती निवडूच नका, एवढी चाचणी फोनवरच होऊन जाते.

पाट्यांमधला फरक नीट समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. झाल्यावर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर; औषध लिहून देतात ते हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने एम.फिल. किंवा भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला तत्सम अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो आणि १९९२च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी केलेली असते, म्हणून त्यांना नोंदणी क्रमांक सरळ मागावा. ‘समुपदेशक’ या शब्दावर मात्र आजवर प्रत्यक्षात फारसे बंधन राहिलेले नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेले लोकही तीच पाटी लावतात आणि चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही तीच लावतात. त्यामुळे फीवरून काही ठरवू नका. शिक्षण कोठे झाले, शोकाच्या प्रश्नांवर किती काम केले आहे, आणि अडलेल्या केसबद्दल ते कोणाचे मार्गदर्शन घेतात, हे विचारा. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच कोणी विचारत नाही.

आईच्या जाण्याचे दुःख हा काही आजार नव्हे. परंतु इतके महिने पहाटे लवकर जाग येणे आणि लक्ष न लागणे हे नैराश्याचेही लक्षण असू शकते. म्हणून गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची त्यांची पद्धत काय आहे, हे आधीच जाणून घ्या. औषधांचे नाव काढताच नाक मुरडणारे समुपदेशक मी पाहिले आहेत; त्यांच्यापासून जपून राहा.

गोपनीयतेचे म्हणाल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला तसा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, वगैरे. मी पहिल्याच भेटीत संमतिपत्राचा कागद समोर ठेवते आणि हे अपवाद मोठ्याने वाचून दाखवते. तुम्ही जाल तिथे असा कागद नसेल, तर निदान तोंडी विचारून घ्या. यजमानांनी काळजीपोटी फोन केला तर काय सांगाल, हेही विचारा. प्रेमाच्या माणसांचे फोनच जास्त अवघड असतात.

हिशेबी:
मी फक्त पैशांपुरते लिहितो. दर आठवड्याला १८०० म्हणजे महिन्याला ७२००. तीन भेटींनंतर खिशाला जड झाले म्हणून थांबण्यापेक्षा, पंधरा दिवसांनी एकदा आले तर चालेल का, हे सुरुवातीलाच विचारावे. भेट किती मिनिटांची असते, आणि ऐनवेळी जाता आले नाही तर पैसे भरावे लागतात का, हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवण्याचा नियम असतो आणि तो वाजवीही आहे, कारण तो तास त्यांना दुसऱ्या कोणाला देता येत नाही. वरच्याच २०१७च्या कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याची तरतूद आहे, पण सर्वसाधारण पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते. ओपीडीचे कलम वाचल्याशिवाय थेरपीच्या पैशांची आशा धरू नये. पावती मात्र घ्यावी.

जाता जाता : पहाटे तीनला फारच असह्य झाले, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येते.

सहावा_मजला:
माझी पहिली निवड चुकली होती, म्हणून लिहिते. त्या बाई पंचेचाळीस मिनिटांपैकी वीस मिनिटे स्वतःच्या घटस्फोटाविषयी बोलल्या आणि दुसऱ्या भेटीत ‘पत्रिका दाखवलीत का?’ असे विचारले. तरीही मी पाच वेळा गेले, कारण ‘आता मध्येच कसे सोडायचे’ हा संकोच! सोडता येते. ‘मी पुढे येणार नाही, धन्यवाद’ एवढा निरोप पुरतो.

दुसरी गोष्ट भाषेची. पुढच्या थेरपिस्ट उत्तम होत्या, पण बोलणे इंग्रजीतून चाले. मला ‘घुसमट’ इंग्रजीत सांगता येईना. मी ‘स्ट्रेस’ म्हणत राहिले आणि त्या स्ट्रेसवरचे उपाय देत राहिल्या. एके दिवशी चुकून मराठीत सुरू झाले, ते थांबलेच नाही. त्या दिवशी प्रथमच मी त्यांच्या पाठीमागच्या घड्याळाकडे पाहिले नाही. तेव्हा मराठीतून चालेल का, हे अवश्य विचारा. आणि ऑनलाइन घेणार असाल तर घरात दार लावून बसता येईल अशी जागा आहे का, याचा आधी विचार करा. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसत असे आणि वॉचमन दर दहा मिनिटांनी डोकावून जाई.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. दोन्हीकडे फोन केले. समुपदेशकांनी शिक्षण मोकळेपणाने सांगितले, पण मार्गदर्शनाच्या प्रश्नावर ‘मला तशी गरज पडत नाही’ म्हणाले. दुसरीकडे फोन घेणारी मुलगी गोंधळली. तासाभराने मात्र मॅडमनी स्वतः फोन करून नोंदणी क्रमांक दिला, भेट मराठीतूनच होईल असे सांगितले आणि पंधरवड्याची सवलतही मान्य केली. फक्त पहिले चार आठवडे दर आठवड्याला या, असा आग्रह धरला. गुरुवारी साडेपाचची वेळ घेतली आहे. क्लिनिकच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे सासूबाईंना तूर्त दाढेचे कारण सांगणार आहे.