मदत हवी आहे: आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के राखीव जागांतला मोफत प्रवेश दुसऱ्या शाळेत नेता येतो का?

मुलगी पिंपरीतल्या खाजगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आरटीईमधून पहिलीला लागली, आता तिसरीत आहे. नोकरीमुळे आम्ही चाकणला राहायला आलोय. रोजचे जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातात. पोर दप्तरावर डोकं टेकून झोपते.

चाकणच्या दोन शाळांत विचारलं. दोघांचं उत्तर एकच: आरटीई फक्त पहिलीला, तिसरीत यायचं तर पूर्ण फी. ती आम्हाला झेपणार नाही. शिक्षण विभागात अर्ज दिला, आवकचा शिक्का मारलेली प्रत आहे, पण लेखी उत्तर नाही. कायदाही वाचला. कलम ५ मध्ये बदलीचा हक्क आहे, पण विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्यात. कलम १२ मध्येही प्रवेश पहिलीचा किंवा पूर्वप्राथमिकचाच.

शिक्षण व्हाउचरचा (सरकारने फीचे पैसे शाळेऐवजी पालकांच्या हाती द्यायचे) वाद चालतो तेव्हा पैसा मुलामागे जावा असं म्हणतात, ते मला आता पटायला लागलंय. इथे सरकार फी शाळेला देतं आणि जागा त्या शाळेलाच चिकटलेली.

जिल्हा परिषद शाळेला नाही म्हणत नाही, पण मधेच माध्यम बदलायची भीती वाटते. जुन्या शाळेतून दाखला अजून काढलेला नाही, कारण ती जागा गेली की गेली.

जिल्हा तोच असताना तिसरी-चौथीत अशी बदली कुणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का? मिळाली असेल तर आदेश कुणाच्या सहीने निघाला, आणि अर्जात कोणता आधार दिला होता?