शोगुन २ मध्ये रिअल्म डिव्हाइड झालं की सगळं राज्य हातातनं जातंय, कोण कसं सांभाळता?

कृष्णाकाठ, सांगली:

मंडळी नमस्कार. सध्या टोटल वॉर शोगुन २ खेळतोय, जुन्या जपानमधल्या घराण्यांच्या लढायांचा स्ट्रॅटेजी गेम. २०११ चा गेम आहे पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स लो आणि युनिट साइज कमी ठेवली की व्यवस्थित चालतोय, त्यामुळं नवीन काही घ्यावं असं वाटलंच नाही. कुपवाडच्या शिफ्टवरनं आलो की जेवून रोज थोडा वेळ बसतो.

चोसोकाबे घराणं घेतलंय. सुरुवात लय भारी होते, तोसा प्रांतातनं निघायचं, शिकोकू बेटावरचे बाकीचे तीन म्हणजे इयो, सानुकी आणि आवा घ्यायचे, चारी बाजूंनी समुद्र म्हणजे पाठीमागची काळजी नाही आणि धनुष्यवाले तर आपले सगळ्यात चांगले. मग होन्शूवर, म्हणजे जपानच्या मुख्य बेटावर उतरतो, तिथं पण गाडी बरी चालते. पण राजधानी क्योटोच्या आसपास पोचतोय न पोचतोय तोवर रिअल्म डिव्हाइड होतं, शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश आपल्याला शत्रू ठरवतो आणि एकेक करून सगळी घराणी अंगावर येतात. शिमाझूंशी पहिल्यापासनं युती होती, मुलगी दिलेली त्यांच्या घरात, ते पण थोड्याच टर्नमध्ये उलटले. व्यापाराचे करार तुटले, तिजोरी उणे झाली, एवढी उभी केलेली फौज पोसता येईना म्हणून मीच युनिट बरखास्त करत बसलो आणि तेवढ्यात इयोत कुणीतरी बोटीनं उतरलं.

लढाईत मी कमी पडत नाही, समोरासमोर बहुतेक जिंकतोच. मग नेमकं कुठं कमी पडतंय? आणि हा प्रकार नसलेला जपानवरचा दुसरा कुठला स्ट्रॅटेजी गेम असेल तर तो पण सांगा.

कराडकर:

भावा, तू लढाई जिंकतोस हे तूच लिहिलंस, म्हणजे दुखणं तलवारीत नाही, कोठारात आहे. चोसोकाबे मी पण भरपूर खेळलोय, तर मला जे कळलंय ते सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट प्रसिद्धीची पट्टी. प्रांत घेत जाशील तशी ती भरत जाते आणि भरली की रिअल्म डिव्हाइड ठरलेलं. क्योटो घेतलंस तरी तेच. म्हणजे ते कधी होणार हे बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे, आणि बहुतेक लोक इथंच घाई करतात. पट्टी भरायला एखाददुसरा प्रांत राहिला की थांबायचं, अगदी सक्तीनं थांबायचं. वेळ आहे रे भरपूर, मोहीम १५४५ ला सुरू होते, शॉर्ट कॅम्पेन १५७५ पर्यंत आणि वर्षाला चार टर्न, म्हणजे १२० टर्न झाले. लाँग घेतली असशील तर १६०० पर्यंत. त्यातली चार-पाच वर्षं नुसती बांधकामात गेली तरी काही बिघडत नाही.

आता त्या वर्षांत करायचं काय, तर शेती. चोसोकाबेंना शेतीच्या उत्पन्नाला जादा मिळतं तो त्यांचा खरा फायदा आहे, धनुष्यवाले त्याच्यानंतर. ची कलांमध्ये, म्हणजे गेममधल्या कारभाराच्या विद्यांमध्ये, शेती सुधारायच्या कला आहेत त्या आधी शिकून घे. व्यापाराचा पैसा गोड लागतो, व्यापारी जहाजं नेऊन समुद्रातल्या व्यापाराच्या जागा धरल्या की कोकू म्हणजे गेममधले पैसे नुसते ओतत असतात, पण तो पैसा समोरच्या घराण्याच्या मर्जीवर असतो. करार तुटला की माल जहाजात पडून राहतो आणि घ्यायला कोण नाही. त्यामुळं रोजचा फौजेचा खर्च फक्त शेती आणि बाजार यातनं भागला पाहिजे, व्यापाराचं येईल ते सगळं तिजोरीत साठवायचं, आकडा पार डोळ्यात भरेल इतका झाला पाहिजे.

दुसरं म्हणजे तांदूळ. किल्ला मोठा केलास की तो तांदूळ खातो, बाजार मोठा केलास की तो पण खातो. सगळीकडं मोठे किल्ले बांधून ठेवलेस तर अन्न उणे होतं आणि मग आपलीच रयत उठते, शत्रू लांबच राहिला. मोठे किल्ले फक्त नाक्यावर, दोन-तीन ठिकाणी. आतल्या प्रांतांत साधा किल्ला पुरे.

आणि फौज. कटाना सामुराई म्हणजे तलवारवाले दिसायला भारी, पण पोसायला महाग. यारी आशिगारू म्हणजे साधे भालेवाले शेतकरी, त्यांना भिंतीआड ठेवून बघ. परवा माझ्या किल्ल्यात चार यारी आणि तीन धनुष्यवाले आशिगारू होते आणि वर आलेली फौज तिप्पट. धनुष्यवाले भिंतीवर उभे केले, भालेवाले भिंतीच्या मागं. या गेममध्ये कुठलंही पायदळ सरळ भिंत चढायला लागतं, शिडी नको काही नको, पण चढताना पटापटा खाली पडतात आणि वर पोचतात ते एकेक दोनदोन असे, रांग तुटलेली. त्यांना वरच्या वर भाल्यांनी टिपायचं. एका बाजूला जास्त गर्दी झाली की दुसरीकडचं एक युनिट तिकडं सरकवायचं, एवढंच काम. त्यांचा सेनापती धनुष्यांच्या टप्प्यात आला की सगळे बाण त्याच्यावर, तो पडला की बाकीच्यांचा धीर सुटतो.

इयोचं म्हणशील तर बेट आहे म्हणून पाठ सुरक्षित असं धरून चालू नकोस. बो कोबाया म्हणजे धनुष्यवाल्यांच्या छोट्या बोटी स्वस्त पडतात, त्यांचा एक ताफा बेटाच्या पश्चिमेला कायम फिरता ठेव.

वाईकर:

कराडकर भाऊंचं सगळं बरोबर आहे पण मला ती रिअल्म डिव्हाइडची भानगडच पटत नाही. वीस वर्षं सोबत असलेला मित्र, पोरगी दिलेली, ओलीस ठेवलेलं पोरगं, आणि एक पट्टी भरली म्हणून तो उलटणार? दर टर्नला संबंधातनं गुण वजा होत जातात आणि तुम्ही काहीही करा ते थांबत नाही. मग एवढी डिप्लोमसी ठेवलीय कशाला. खेळणाऱ्यानं जोडलेल्या माणसाची किंमत राहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मी कोएई कंपनीच्या नोबुनागाज अँबिशन या गेमवर आलो. ही मालिका १९८३ पासनं चालू आहे, म्हणजे टोटल वॉरचा पहिला शोगुन २००० साली आला त्याच्याही कितीतरी आधीपासनं. सध्याचा अवेकनिंग घ्या. त्यात गंमत अशी की तुम्ही सरदाराला जमीन नेमून देता आणि तो आपलं आपण ती सुधारतो, बांधकाम करतो, फौज उभी करतो, लढाईला बोलावलं की घेऊन येतो. कोण कुठं नेमायचा याच्यातच निम्मा गेम आहे. शूर माणूस सरहद्दीवर, कारभारी माणूस आतल्या सुपीक भागात. एखादी लढाई मोठ्या फरकानं जिंकली की आजूबाजूचे लोक धाकानंच तुमच्याकडं येतात. लढाई शोगुन २ इतकी बघायला भारी नाही हे मान्य, आणि किंमत पण जास्त आहे, सेलची वाट बघा. पण माणसांवरचा गेम हवा असेल तर हाच.

अजिंक्यतारा:

वाईकर, तुमचा मुद्दा कळतोय, पण "असं कुठं असतं का" म्हणाल तर असंच झालेलं आहे, आणि ज्याच्यावरनं ही कल्पना सुचावी असा माणूस म्हणजे त्या काळातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाच. मी इतिहास शिकवते, सेंगोकू म्हणजे जपानमधल्या सरदारांच्या आपसातल्या लढायांचा काळ माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१५६८ ला नोबुनागा आशिकागा योशिआकीला घेऊन क्योटोत शिरला आणि त्याला शोगुन केलं. पुढं दोनच वर्षांत, १५७० ला, तो आसाकुरा घराण्यावर चालून गेला तर पाठीमागनं आझाई नागामासा उलटला. हा नागामासा कोण, तर नोबुनागाच्याच बहिणीचा, ओइचीचा नवरा. नोबुनागाला सगळं टाकून क्योटोकडं पळावं लागलं. मग आसाकुरा, आझाई, ओसाकाच्या इशियामा होंगानजीतले लढाऊ भिक्षू, नंतर दुसरा बडा सरदार ताकेदा शिंगेन, आणि या सगळ्यांना पत्रं पाठवून उठवणारा स्वतः योशिआकी, ज्याला त्यानंच गादीवर बसवलेलं. कृष्णाकाठ, तुमचे शिमाझू परवडले.

आता तो वाचला कसा हे बघा कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. त्यानं सगळ्यांशी एकदम लढाई केलीच नाही. १५७० च्या शेवटी अडचणीत आल्यावर सम्राटाच्या दरबाराला मध्ये घालून तह केला, दम खाल्ला, आणि मग एकेकाला वेगळा गाठला. १५७३ ला शिंगेन वारला, त्याच वर्षी योशिआकीला क्योटोतनं हाकललं आणि त्याच वर्षी आसाकुरा आणि आझाई दोन्ही संपवले. होंगानजीनं मात्र १५८० पर्यंत दमवलं. आणि हो, या सगळ्या काळात तोकुगावा इएयासू हा मित्र सरदार त्याच्या बाजूनं उभा राहिला, त्यामुळं झाडून सगळे मित्र उलटतात हे गेमनं जरा ताणलंय, तेवढं वाईकरांचं मी मान्य करते.

साताऱ्यात राहून मला याच्या जोडीला आपलाच वेढा आठवतो. औरंगजेब स्वतः १६९९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसला, प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. मोगलांनी सुरुंग लावले तर तट त्यांच्याच माणसांवर कोसळला आणि मोगलांची भयंकर हानी झाली. किल्ला शेवटी एप्रिल १७०० मध्ये तह होऊन गेला, पण तोपर्यंत बादशहाचे चार महिने, पैसा आणि माणसं खर्ची पडली होती. लगेच पुढं परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, मग पुढचा, मग पुढचा. एकेक किल्ला असाच वेळ आणि पैसा खाऊन द्यायचा आणि मोगल पुढं सरकले की परत घ्यायचा, सातारा पण काही वर्षांत परत आलाच. दख्खनमध्येच १७०७ ला औरंगजेब वारला.

गेममध्ये हे जसंच्या तसं लागू होतं. सरहद्दीवरचा प्रत्येक प्रांत राखायचा हट्ट सोडा. एक प्रांत असा ठेवा की शत्रूनं तिथं येऊन डोकं आपटावं. हिवाळ्यात परक्या मुलुखात असलेल्या फौजेची माणसं आपोआप गळतात, त्यामुळं शरदात आलेला वेढा भिंतीआडनं हिवाळ्यापर्यंत लांबवला तर अर्धं काम थंडी करते. आपल्याकडं पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडायच्या, तोच हिशेब तिथं उलट्या ऋतूचा. वसंतात तुम्ही बाहेर पडायचं.

मिरज जंक्शन:

दुसरा गेम विचारलाय म्हणून. शोगुन २ आवडत असेल तर फॉल ऑफ द सामुराई घ्या, २०१२ चा, बोशिन म्हणजे सम्राट विरुद्ध शोगुन या यादवी युद्धाचा काळ, रेल्वे, वाफेच्या युद्धनौका, गॅटलिंग गन सगळं आहे. रिअल्म डिव्हाइड त्यात पण आहे पण तिथं तुम्ही सम्राटाच्या किंवा शोगुनच्या बाजूला राहिलात तर त्या बाजूची घराणी तुमच्याबरोबर राहतात, एकटं पडायचं असेल तरच प्रजासत्ताक जाहीर करायचं. वाईकरांना तो पटेल असं वाटतंय.

राज्य वगैरे सांभाळायचा कंटाळा आला असेल तर शॅडो टॅक्टिक्स, २०१६ चा. १६१५ सालचा जपान, पाच माणसं, पहारेकऱ्यांच्या नजरेचे त्रिकोण चुकवत जायचं. एकेक पहारेकरी कुठं बघतोय, कुणाला कोण दिसतोय हे ओळखायचं आणि मग दोघातिघांना एकाच क्षणी हलवायचं. लय डोकं लागतं आणि लढाया नाहीतच म्हटलं तरी चालेल. लॅपटॉपवर चालतोय का ते डेमो टाकून बघा.

कृष्णाकाठ, सांगली:

कराडकर दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. अजिंक्यतारा ताई, तो नागामासाचा प्रसंग माहितीच नव्हता, आता शिमाझूंचा राग गेला. रिअल्म डिव्हाइडच्या आधीची सेव्ह फाइल आहे माझ्याकडं, त्यात व्यापाराचं उत्पन्न बाजूला काढून बघितलं तर नुसत्या शेतीवर निम्मी फौज पण पोसली जात नाही. म्हणजे आधी तेच काम.

एक राहिलं. होन्शूवर उतरताना बिझेन आणि हारिमा असे दोन प्रांत घेतले तर मागं शिकोकू, पुढं हे, मध्ये समुद्र. ताई म्हणतात तसा डोकं आपटायचा किल्ला कुठला ठेवू? आणि जिंकलेल्या घराण्याला मांडलिक करायचा पर्याय येतो तो घ्यावा का, कारण मागच्या खेपेला माझा मांडलिक पण उलटला.

कराडकर:

हारिमा. क्योटोकडनं येणारा तिथनंच येणार. मोठा किल्ला तिथं बांध, बिझेन साधा ठेव आणि तिथं राखीव फौज, म्हणजे पूर्वेला हारिमा आणि पश्चिमेला मोरी घराणं, दोन्हीकडं एका टर्नमध्ये हलता येतं. बिझेन गेला तरी रडू नकोस, परत घेता येतो.

मांडलिकाचं असं आहे की रिअल्म डिव्हाइडच्या आधी केलेला मांडलिक बाकीच्यांसारखाच उलटतो, दर टर्नची वजाबाकी त्याला पण लागते. नंतर केलेला टिकतो. म्हणून आधी जे घ्यायचं ते स्वतःकडं ठेव, आणि एकदा रिअल्म डिव्हाइड झालं की मग एखाद्या घराण्याचा शेवटचा प्रांत घेताना त्यांना मांडलिक करून सोडून दे. ते तुझ्याशी व्यापार पण करतात, म्हणजे बंद पडलेल्या जहाजांना परत गिऱ्हाईक मिळतं आणि त्या बाजूची सरहद्द सांभाळायला फौज लागत नाही. मी असं पश्चिमेला दोन मांडलिक करून ठेवतो आणि मगच क्योटोकडं तोंड करतो. ती व्यापारी जहाजं मोडू नकोस तोवर, बंदरात आणून ठेव.