तोर्रोक्समधला जुना फ्लॅट: सहा हजार युरो देण्याआधी काय तपासू?

निळीखिडकी
आम्ही दोघं म्युनिकमध्ये नोकरी करतो. पासपोर्ट भारतीय, जर्मनीचं रेसिडन्स परमिट आहे. स्पेनमध्ये मालागाच्या पूर्वेला तोर्रोक्स कोस्ताला दोन बेडरूमचा जुना फ्लॅट पसंत पडलाय. किंमत २,१०,००० युरो, कर्ज काढायचं नाही. विकणारं जोडपं ब्रिटिश, राहायला इंग्लंडमध्येच. इमारत सत्तरच्या दशकातली, तिसरा मजला. टेरेस काचेने बंद करून हॉलमध्ये घेतलंय, जाहिरातीत ८४ चौरस मीटर लिहिलंय.

एजंट म्हणतो, आज ६,००० युरो भरून फ्लॅट राखून ठेवा, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. वरखर्च किती धरायचा? आधी काय तपासायचं? उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने देता येईल का? घर घेतलं की स्पेनचं रेसिडन्स मिळतं असंही तो म्हणाला.

काळाकातळ
रेसिडन्सचं आधी निकालात काढतो. घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा राहण्याचा परवाना, ३ एप्रिल २०२५ पासून बंद आहे, आणि चालू होता तेव्हाही त्याला पाच लाख युरोंची गुंतवणूक लागायची. तुमच्या जर्मन परमिटवर स्पेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. घर स्वतःचं असलं तरी तेवढंच. जो एजंट हे चुकीचं सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढाच भाव द्या.

पैसे देण्याआधी रेजिस्त्रो दे ला प्रोपिएदादमधून, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयातून, 'नोता सिंप्ले' काढा. आपल्या इंडेक्स टूसारखा उतारा, ऑनलाइन साधारण दहा युरोंत मिळतो. मालक कोण, क्षेत्रफळ किती, गहाण किंवा जप्ती आहे का, हे त्यात असतं. एजंटने दिलेली प्रत घेऊ नका, ती सहा महिन्यांपूर्वीची निघते.

राखीव रक्कम द्यायचीच असेल तर वकिलाच्या खात्यात. पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की कागद साफ निघाले नाहीत तर पूर्ण परत. त्यानंतर 'कोन्त्रातो दे आर्रास', म्हणजे आपला इसार. रिवाज १० टक्क्यांचा, म्हणजे २१,०००, त्यातून आधी दिलेले सहा हजार वजा. त्यात 'आर्रास पेनितेन्सियालेस, सिव्हिल कोड कलम १४५४' हे शब्द हवेतच. मग तुम्ही माघार घेतली तर इसार बुडतो, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. नुसतं 'आर्रास' लिहिलं असेल तर तो कुठल्या जातीचा इसार, यावरच कोर्टात वर्षं जातात.

वकील एजंटने सुचवलेला नको. नोटरी तिथे सरकारी अधिकाऱ्यासारखा तटस्थ असतो, तुमच्या बाजूने भांडत नाही, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

एनआयई, म्हणजे परदेशी व्यक्तीचा स्पॅनिश ओळख क्रमांक, त्याशिवाय दस्त होत नाही. म्युनिकच्या स्पॅनिश कॉन्सुलेटमध्ये ईएक्स-१५ फॉर्म आणि ७९०-०१२ या फॉर्मवरची फी भरून दोघांनी वेगवेगळा काढा. आजच वेळ मागा. हा फक्त ओळख क्रमांक आहे, राहण्याचा परवाना नव्हे. मुखत्यारपत्रही कॉन्सुलेटमध्येच केलेलं बरं. जर्मन नोटरीकडे केलं तर अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि शपथबद्ध भाषांतर दोन्ही लागतं.

हिशेबतपासनीस
खर्चाचं बोलतो. आंदालुसियात, म्हणजे तोर्रोक्स ज्या प्रांतात आहे तिथे, जुन्या घरावर आयटीपी, म्हणजे मालमत्ता हस्तांतराचा कर, सरसकट ७ टक्के. तुमच्या किमतीवर १४,७०० युरो. वकील १ टक्का धरला तर २,१०० अधिक २१ टक्के व्हॅट, म्हणजे २,५४१. नोटरी आणि रेजिस्त्रो मिळून दीड-दोन हजार. सगळं धरून ९ टक्क्यांच्या आसपास.

यातली मेख म्हणजे 'व्हालोर दे रेफेरेन्सिया'. १ जानेवारी २०२२ पासून आयटीपी प्रत्यक्ष किंमत आणि कातास्त्रोने, म्हणजे सरकारी मालमत्ता-नोंद खात्याने, ठरवलेला हा आकडा, यांतल्या मोठ्यावर भरावा लागतो. तो २,३०,००० निघाला तर कर १६,१००, तुम्ही कितीही घासाघीस केलेली असो. फ्लॅटचा २० अक्षरी कातास्त्रो क्रमांक वकिलाला द्या आणि हा आकडा इसाराआधी काढून घ्या.

आता दोन गोष्टी, ज्यांत अनिवासी विकणाऱ्याचं ओझं तुमच्या अंगावर येतं.

एक, ३ टक्के. विकणारा स्पेनचा कर-रहिवासी नसेल तर किमतीच्या ३ टक्के, म्हणजे ६,३००, तुम्हीच कापून घ्यायचे आणि महिन्याच्या आत मोदेलो २११ या फॉर्मवर कर खात्यात भरायचे. विकणाऱ्याच्या हातात २,०३,७०० पडतात. कापले नाहीत तर त्याच्या कराचा बोजा तुमच्या फ्लॅटवर बसतो.

दोन, प्लुसव्हालिया, नगरपालिकेचा जमीन-मूल्यवाढीचा कर. तो खरं तर विकणाऱ्याचा, पण विकणारा अनिवासी असला की आयुंतामिएंतो, म्हणजे नगरपालिका, तो तुमच्याकडे मागते. तो निघून गेल्यावर इंग्लंडपर्यंत कुणी जात नाही. वकिलाकडून आधी आकडा काढा आणि तेवढी रक्कम दस्ताच्या दिवशी किमतीतून मागे ठेवून घ्या. इसारातच तसं कलम घाला, नाहीतर नोटरीच्या टेबलावर वाद होतो.

निळीखिडकी
३ टक्क्यांचं विचारलं. एजंट म्हणतो, विकणाऱ्यांकडे एनआयई आहे, म्हणून कापायची गरज नाही.

हिशेबतपासनीस
एनआयई तुमच्याकडेही असणार आहे, म्हणून तुम्ही स्पेनचे कर-रहिवासी होता का? चालतो तो एकच कागद: स्पॅनिश कर खात्याचं, आजही वैध असलेलं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र. नसेल तर कापायचे.

ओलीभिंत
कागद झाले, आता घराकडे बघा. समुद्राजवळच्या जुन्या इमारतीत पहिला शत्रू मीठ. तुमच्या नव्हे, वरच्या मजल्याच्या बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू बघा. तांबूस ओघळ, फुगलेला गिलावा, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज म्हणजे आतले गज गंजून फुगलेत आणि काँक्रीट ढकलतायत. हे काम एका फ्लॅटचं नसतं, सगळ्या दर्शनी भागाला परांची लागते, आणि ते बिल 'देर्रामा' म्हणून सगळ्या मालकांवर येतं.

म्हणून कोमुनिदादच्या, म्हणजे सोसायटीच्या, गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. सुधारणांसाठी मंजूर झालेली देर्रामा, हप्ता देय होतो त्या दिवशी जो मालक असेल त्याने भरायची असते. सभा मार्चमध्ये झाली, दस्त जूनमध्ये झाला आणि हप्ता जुलैत असेल, तर तो तुमचा. इसारात 'दस्ताआधी मंजूर झालेल्या सगळ्या देर्रामा विकणाऱ्याच्या' असं घाला. सोसायटीची थकबाकी तर चालू वर्ष अधिक मागची तीन वर्षं फ्लॅटलाच चिकटते, तेव्हा प्रशासकाचं थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र दस्ताला जोडून घ्या. संकुलाच्या आत इमारत असेल तर विचारा, दोन सोसायट्या आहेत का? इमारतीची वेगळी आणि संकुलाची वेगळी, असा दुहेरी मासिक खर्च असू शकतो.

१९७९ च्या थर्मल नियमाआधीची बांधणी असेल तर भिंतीत इन्सुलेशन नाही असंच धरा. उत्तरेच्या खोलीत कपाट भिंतीपासून सरकवून मागे बघा. काळी बुरशी दिसेल, किंवा तेवढाच चौकोन नव्याने रंगवलेला दिसेल. दोन्हींचा अर्थ एकच: ओल.

सांडपाण्याचे उभे पाइप 'उरालिता'चे, म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत का विचारा. बदलायला अधिकृत कंपनीच लागते आणि खर्च फुगतो. वीज चालू आहे ना? मीटर बराच काळ तोडलेला असेल तर अधिकृत इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र लागतं, आणि जुन्या वायरिंगवर तो सही करत नाही.

पाहुणाघर
पर्यटकांना देण्याबद्दल. ज्या कायद्याने गोल्डन व्हिसा संपवला, त्यानेच त्याच तारखेपासून नव्या पर्यटक-भाड्यासाठी सोसायटीची आधी मंजुरी सक्तीची केली: मालकांपैकी तीन-पंचमांश, आणि त्यांच्याकडे इमारतीतल्या मालकी-हिश्श्यांचेही तीन-पंचमांश. त्यानंतर आंदालुसियाच्या नोंदवहीत नाव. तोर्रोक्समध्ये कायम राहणारे जर्मन पेन्शनर भरपूर आहेत, रात्री दोनला जिन्यात सुटकेसची चाकं ऐकायला ते मतदान करणार नाहीत. भाड्याचं उत्पन्न हिशेबात शून्य धरून परवडत असेल तरच घ्या.

भाड्याने दिलं नाही तरी दरवर्षी मोदेलो २१० हा अनिवासींचा कर-फॉर्म आहे. कातास्त्रो मूल्याच्या १.१ टक्के (मूल्य बऱ्याच वर्षांत सुधारलेलं नसेल तर २ टक्के) काल्पनिक उत्पन्न धरून त्यावर कर. इथे पासपोर्ट नाही, कर-रहिवास बघतात: जर्मनीत कर भरता म्हणून १९ टक्के, भारतात परतलात की २४. ९०,००० मूल्यावर ९९० युरो उत्पन्न, कर १८८.१०. दोघं मालक असाल तर दोन फॉर्म, मुदत पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

पासपोर्ट मोजतात ते लष्करी परवानगीला. कार्ताहेना, जिब्राल्टरची सामुद्रधुनी, बालेआरिक बेटं अशा भागांत ग्रामीण जमिनीसाठी युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकांना ती लागते. तुमच्या शहरी फ्लॅटला नाही. पण मन बदलून डोंगरावरच्या शेतघराकडे वळलात तर लक्षात ठेवा.

निळीखिडकी
नोता सिंप्ले आली. क्षेत्रफळ ६८ चौरस मीटर, ८४ नाही. आणि एका स्पॅनिश बँकेचं २००४ सालचं गहाण दिसतंय. विकणारे म्हणतात कर्ज केव्हाच फेडलंय.

काळाकातळ
गहाणाचं घाबरू नका. तिथे कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, बँकेने नोटरीसमोर रद्दीकरणाचा दस्त करून तो रेजिस्त्रोत न्यावा लागतो, आणि पैसे वाचवायला लोक ते करत नाहीत. बँकेचं 'शून्य बाकी' प्रमाणपत्र मागा. त्याच दिवशी रद्दीकरणाचाही दस्त, खर्च विकणाऱ्याचा, आणि तेवढी रक्कम किमतीतून मागे. बाकी निघालीच तर बँकेच्या नावाने वेगळा बँकर्स चेक.

१६ मीटरचा फरक जास्त महत्त्वाचा. कातास्त्रोचा उतारा बघा, त्यात जिना-लिफ्टचा सामायिक हिस्सा मिळवलेला असतो, थोडा फरक तिथे जाईल. उरलेला टेरेसचा. काचेपेक्षा मोठा प्रश्न हॉल आणि टेरेसमधली भिंत काढल्याचा आहे, कारण दर्शनी भिंत सामायिक मालकीची. सोसायटीच्या मंजुरीचं इतिवृत्त आणि आयुंतामिएंतोचा परवाना, दोन्ही मागा. मिळाले नाहीत तर किमतीची बोलणी ६८ वर करा, आणि भिंत पूर्ववत करण्याचं कोटेशन काढून तेही वजा करायला सांगा. ६,००० तोवर म्युनिकच्याच खात्यात राहू द्या.