काळ्या मातीत वाळू नको

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून वाळू मिसळायचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नका. थोड्याशा वाळूने चिकण माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर आणखी घट्ट बसते. तिला हवं पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेल्यातून हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, येते. आणि माती ओली असताना कुदळ लावूच नका. मूठभर माती दाबून पाहा, गोळा बोटाने सहज फुटला तरच खणा. पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून गादीवाफे करा, साधारण ३ फूट रुंद, अर्धा फूट उंच. दोन्हीकडून मधोमध हात पोचला पाहिजे, वाफ्यावर पाय पडता कामा नये. तुडवलेल्या वाफ्यात माझी पहिली मेथी नीट उगवलीच नव्हती, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.