खडावा हा शब्द खडखडीवरून आला का?

माळ्यावरची_पेटी:
माळा आवरताना आजोबांच्या खडावा सापडल्या. एकीची खुंटी मोडलीय, दुसरीवर अंगठ्याचा खळगा पडलाय. आजी 'खडावा' म्हणायची, मुलगा 'पादुका' म्हणतो, नवरा म्हणतो की खडखड वाजतात म्हणून खडावा. कुणाचं बरोबर? आणि खुंटी पुन्हा बसते का?

वहाणकर:
नवऱ्याचं चुकलं, पण ऐकायला गोड आहे. शब्दाचं मूळ 'काष्ठपादुका'. काष्ठाचं प्राकृतात कट्ठ झालं (त्याच घरातली आपली काठी), 'पादुका'मधला द गळला, मग ठ मधला ह-कार पुढे सरकून क ला चिकटला आणि ख झाला. हिंदीत खड़ाऊँ, आपल्याकडे खडावा. म्हणजे मुलगा आणि आजी एकच शब्द बोलतायत, फक्त आजीचा जास्त झिजलेला.

वापरात मात्र फरक आहे. पादुका पूजेला, खडावा पायात. आळंदीहून पालखीत निघतात त्या माउलींच्या पादुका, त्यांना कुणी खडावा म्हणणार नाही. रामाने भरताला दिल्या त्याही पादुकाच, पण आधी त्यांवर पाय ठेवून.

मी लहानपणी सोवळ्यातल्या आजोबांच्या खडावा चोरून घातल्या होत्या. कातडं सोवळ्यात चालत नाही म्हणून लाकूड. दोन बोटांत खुंटी आवळून धरावी लागते, तळ वाकत नाही, त्यामुळे पाय सपाट उचलून सपाट टेकवायचा. मी धावायला गेलो आणि अंगठ्याजवळ सोलपटलं. आजोबांना आवाजावरूनच कळलं होतं!

जाता जाता: 'वहाण' ही संस्कृत 'उपानह्'ची लेक. पायीची वहाण पायीच बरी म्हणताना आपण किती जुना शब्द तुडवतोय, लक्षातही येत नाही.

सीमाभागातला:
कन्नडमध्ये हावुगे. तीही पादुकाच, तिथे प चा ह होतो.

खटपट्या:
फ्रेंच कामगारांनी लाकडी बूट यंत्रात फेकले म्हणून 'सॅबोटाज' (मुद्दाम काम बिघडवणं), ते पण असंच ना?

वहाणकर:
बूट फेकल्याची गोष्ट झकास, पुरावा नाही. लाकडी बूट म्हणजे साबो, आणि 'साबोते' म्हणजे ते घालून खटाखट चालणं, त्यावरून काम ओबडधोबड करणं. 1897 साली तुलूझच्या कामगार अधिवेशनात शब्दाला आजचा अर्थ चिकटला. म्हणजे तुमच्या नवऱ्याची खडखड फ्रान्समध्ये बरोबर ठरली असती.

खुंटीचं: ती बहुधा वेगळी कातून भोकात ठोकलेली असते. मोडका तुकडा जपून काढा, भोकाच्या मापाची नवी कातारी करून देईल. लाकूड वाळलेलं हवं, नाहीतर आकसून खुंटी डुगडुगेल.

माळ्यावरची_पेटी:
कातारी शोधते. मुलाने चांगली असलेली पायात घालून पाहिली, चौथ्या पावलाला निसटली. नवरा अजून खडखडीवर ठाम आहे.